पात्याला लागलेला मार

प्रोपेलर धावपट्टीला घासला की हँगरमधला प्रत्येक जण आधी पात्याकडे धावतो. साहजिकच आहे. पात्याची टोकं वळलेली असतात, काळा रंग खरवडून आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलेलं असतं. कुणी त्या वाकावरून बोट फिरवतं, कुणी फोटो काढतं, आणि जुनीजाणती माणसं वाक कुठल्या दिशेला आहे ते पाहून त्या क्षणी इंजिनात किती जोर होता याचा अंदाज बांधतात. टोकं पुढे वळली असली तर बहुधा इंजिन ओढत होतं. मागे दुमडली असली तर बहुधा पॉवर काढलेली होती. हे सगळं बोलून झालं की कुणीतरी म्हणतंच, “पण इंजिन तर मस्त चालतंय.”

लहान विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या वाक्याइतकी धास्ती दुसऱ्या कशाची वाटत नाही. वाक्य खोटं नसतं. पातं बदललं तर त्याच दुपारी ते इंजिन सुरू होईल, आरपीएम पूर्ण देईल, तेलाच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात राहील. तरीही ते उघडून, सुटं करून, त्याचा एकेक भाग टेबलावर मांडल्याशिवाय त्याच्या भरवशावर कुणाला आकाशात पाठवू नये, असं माझं म्हणणं असतं. आणि हे म्हणणं समोरच्याला पटवण्यातच माझा बराचसा जोर खर्च होतो.

सेस्ना १७२ घ्या. आपल्याकडची कितीतरी मुलं बारामतीला, धुळ्याला, गोंदियाला उडायला शिकतात, आणि त्यातली अनेक जण पहिल्यांदा एकटी उडतात ती याच घराण्यातल्या विमानात. नाकात लायकमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे आडवे. मोटारीत इंजिन आणि चाक यांच्यामध्ये क्लच असतो, गिअरबॉक्स असतो. चाकाला बसलेला धक्का वाटेत कुठेतरी जिरतो. इथे मध्ये काहीच नाही. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला फ्लँज आणि त्या फ्लँजवर सहा बोल्टांनी आवळलेला प्रोपेलर. २७०० आरपीएमला, सुमारे १.९ मीटर व्यासाच्या या प्रोपेलरचं टोक सेकंदाला २७० मीटरच्या आसपास वेगाने फिरत असतं. उतरताना इंजिन मंद असतं, तेव्हाही हा वेग शंभर मीटरच्या घरात असतो. ते टोक डांबराला टेकलं की पातं थांबू पाहतं; आतले पिस्टन, कनेक्टिंग रॉड, मागचे गिअर, मॅग्नेटो मात्र आपल्या वेगात असतात. हा सगळा झगडा क्रँकशाफ्टच्या पोलादात होतो. प्रोपेलर लाकडी असला तर तो फुटतो आणि फुटताना बराचसा मार स्वतःवर घेतो. धातूचं पातं वाकतं, आणि वाकता वाकता मार आत पोचवतं.

नाकाखाली चाक असलेल्या विमानात पात्याचं टोक आणि जमीन यांच्यामध्ये किमान सात इंच अंतर हवं, असा अमेरिकी प्रमाणीकरणाचा नियम २०१७ पर्यंत होता. सात इंच म्हणजे फार नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या धावपट्टीवरून हवा उकळ्या फुटल्यासारखी वर येते, नवशिक्याचं विमान टेकून पुन्हा उसळतं, घाबरून तो योक पुढे ढकलतो, पुढच्या खेपेला नाकाचं चाक आधी आदळतं आणि त्याचा स्ट्रट दबतो. तीन उसळ्यांत ते सात इंच संपतात. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याआधीच.

पण प्रॉप स्ट्राइक, म्हणजे पात्याला मार लागणं, म्हटलं की हे असलंच काही झालेलं असलं पाहिजे, हा समज चुकीचा आहे. लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ५३३ मी नव्या तंत्रज्ञांना वाचायला देतो ते त्यातल्या व्याख्येसाठी. इंजिन चालू असो वा बंद, पात्याची किरकोळ घासणीपलीकडची दुरुस्ती करावी लागली तर तो स्ट्राइक. पातं पाण्याला किंवा उंच गवताला लागलं, पात्याला ओरखडाही आला नाही, पण आरपीएम एकदम पडले, तर तोही स्ट्राइक. विमान जागेवर उभं आहे, इंजिन थंड आहे आणि हँगरचं दार सरकवताना पात्यावर आदळलं, तरी तेच. कारण तेव्हा मार आडवा बसतो, फ्लँजवर आणि पुढच्या बेअरिंगवर. फिरत्या इंजिनाला धक्का बसला म्हणजेच नुकसान, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की थांबलेल्या इंजिनाचं नाव काढलं तर लोक चमकतात. दाराचा किंवा ओढगाडीचा धक्का ‘काही नाही हो’ म्हणून सोडून दिला जातो. किती जोरात लागलं, किती हळू लागलं यावरून आत काय झालं ते ठरवता येत नाही, हे त्या व्याख्येमागचं शहाणपण आहे. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण अंदाज बांधण्याचा मोह ते आधीच बंद करतं.

आता आतल्या एका गिअरबद्दल. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला, प्रोपेलरपासून सगळ्यात लांब, एक गिअर असतो. एका डॉवेल पिनने त्याची जागा धरलेली असते आणि एकाच, पाच-सोळांश इंचाच्या बोल्टने तो आवळलेला असतो. या गिअरवर कॅमशाफ्ट चालतो, म्हणजे व्हॉल्व्हचं उघडणं-मिटणं त्याच्यावर. ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो त्याच्यावर. तेलाचा पंप त्याच्यावर. विमान बांधणाऱ्यांनी जिथे जमेल तिथे सोय दुहेरी केलेली असते: दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक गेला तर दुसरा आहे. पण ते दोन्ही मॅग्नेटो अखेर ज्याच्या जिवावर फिरतात तो गिअर एक आहे आणि त्याचा बोल्टही एक. पातं अडकतं तेव्हा क्रँकशाफ्ट एका दिशेने ओढला जातो आणि मागची गिअरमाळ आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. ती ओढाताण या पिनवर आणि या बोल्टवर येते. पिनला बारीक इजा होते, गिअर आपल्या बैठकीत केसाएवढा हलायला लागतो. इंजिन चालतच राहतं. २४०० आरपीएमला एका तासात क्रँकशाफ्टचे एक लाख चव्वेचाळीस हजार फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात ती हालचाल थोडी वाढते. मग एके दिवशी पिन तुटते. व्हॉल्व्ह थांबतात, ठिणगी थांबते, तेल थांबतं. पायलटला आधी काही कळण्याचं कारण नसतं.

म्हणूनच अमेरिकेच्या हवाई प्रशासनाचा आदेश आहे. १९९१ सालच्या जुन्या आदेशाच्या जागी २००४ मध्ये २००४-१०-१४ या क्रमांकाचा नवा आला. स्ट्राइकनंतर हा गिअर काढायचा, शाफ्टमधली त्याची बैठक, डॉवेल आणि बोल्टच्या भोकातले आटे तपासायचे, आणि बोल्ट व त्याची लॉकप्लेट कितीही नवी दिसली तरी फेकून नवी घालायची. गिअर परत बसवण्याची रीत मला या कामातली सगळ्यात देखणी रीत वाटते. बोल्ट आधी १२५ इंच-पाउंडांपर्यंत आवळायचा. मग पितळी ड्रिफ्ट आणि हातोडी घेऊन गिअरच्या कडेकडेने हलके ठोके द्यायचे आणि कान लावायचा. मडकं घेताना टिचकी मारून ऐकतात ना, तसं. आवाज खणखणीत आणि भरीव आला पाहिजे. बोदा आला तर गिअर पुरता बसलेला नाही. मगच बोल्ट २०४ इंच-पाउंडांपर्यंत न्यायचा. शिवाय ०.००१ इंच जाडीची पट्टी गिअर आणि शाफ्ट यांच्या सांध्यात घालून पाहायची. ती शिरता कामा नये. इतकी मोजमापं, इतकी यंत्रं असलेल्या कामात मधेच माणसाच्या कानावर भिस्त ठेवलेली आहे, आणि लगेच त्या कानाचीही पट्टीने पडताळणी आहे.

मतभेद इथून पुढे सुरू होतात. आदेशाची सक्ती त्या मागच्या गिअरपुरतीच आहे, आणि तो मागचं ॲक्सेसरी हाउसिंग काढून, क्रँककेस न उघडता तपासता येतो. पूर्ण इंजिन उघडा, हा लायकमिंगचा आग्रह बुलेटिनमधला. अमेरिकेत खाजगी विमानाच्या मालकाला असं बुलेटिन सहसा बंधनकारक नसतं, त्यामुळे तिथे कित्येक जण गिअर बघून आणि फ्लँज डायल गेजवर फिरवून समाधान मानतात. फ्लँजचा रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, मर्यादेत आला की क्रँकशाफ्ट सरळ आहे हे कळतं. तो सरळ आहे म्हणजे त्यात तडा नाही, असं मात्र त्या गेजला सांगता येत नाही. पोलाद वाकून पुन्हा जागेवर येऊ शकतं आणि येताना एखाद्या जर्नलच्या कोपऱ्यात बारीक तडा सुरू करून येऊ शकतं. शाफ्टचा पृष्ठभाग नायट्रायडिंग करून कडक केलेला असतो. त्याच कारणाने वाकलेला फ्लँज ठोकून सरळ करायला कंपनीची मनाई आहे. सरळ करताना ते कडक कवच चिरतं. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पात्याची दुरुस्ती करावी लागली, तर क्रँककेस उघडायचीच.

याला लागणारा वेळ आणि पैसा मला दिसतो. शिकाऊ मुलांचं विमान आठवडेच्या आठवडे जमिनीवर राहतं. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. बापाने शेत गहाण टाकून, कर्ज काढून पाठवलेला मुलगा वसतिगृहात बसून दिवस मोजतो. ‘गिअर बघून सोडा ना सर’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा त्यामागे नेहमी हावच असते असं नाही, कधी कधी खरीखुरी अडचण असते. मी ती ऐकून घेतो. पण ज्याच्यासाठी घाई करायची, तोच उद्या त्या इंजिनामागे बसणार असतो.

उघडण्याचं काम सुरू झालं की गडबड आपोआप शांत होते. तेल काढायचं, फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरायच्या आणि धातूचे कण शोधायचे. ॲक्सेसरीज उतरवायच्या, मॅग्नेटोंनीही तोच मार खाल्लेला असतो, म्हणून त्यांचीही वेगळी तपासणी. सिलिंडर उतरतात, आणि मग क्रँककेसचे दोन अर्धे भाग अलग होतात. त्या दोन अर्ध्यांच्या सांध्यात, सीलंटच्या पातळ थरावर, रेशमाचा धागा घातलेला असतो. लायकमिंगची ही जुनी पद्धत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही: दीडशे-एकशेऐंशी घोड्यांच्या ताकदीचं इंजिन, आणि त्याचं तेल बाहेर येऊ नये म्हणून रेशीम. मी स्वतः तो धागा घालताना हात दोनदा धुतो.

पोलादाचे भाग, म्हणजे क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, रॉड, गिअर, स्वच्छ धुऊन चुंबकीय कणांच्या तपासणीला जातात. शाफ्टमधून वीज सोडून तो चुंबकीय करतात आणि त्यावर हलक्या तेलात कालवलेले लोखंडाचे चमकणारे बारीक कण ओततात. तडा असेल तिथे चुंबकीय क्षेत्र तुटतं, बाहेर पाझरतं, आणि कण तिथे गोळा होतात. क्षेत्राच्या दिशेला समांतर गेलेला तडा मात्र दिसत नाही, म्हणून एकदा वीज शाफ्टमधून सोडायची आणि एकदा शाफ्ट वेटोळ्यात धरायचा. म्हणजे उभा आणि आडवा दोन्ही तडे सापडतात. बघायचं ते अंधाऱ्या खोलीत, अतिनील दिव्याखाली, आणि आत गेल्यावर लगेच नाही: डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. ती काही मिनिटं वाचवण्याचा मोह मी भल्याभल्यांना झालेला पाहिला आहे. तडा असला तर हिरवट पिवळी रेघ उमटते. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसवर चुंबक चालत नाही. तिला लाल रंगद्रव्य लावून, पुसून, पांढरी पावडर मारतात आणि तड्यात मुरलेला लाल रंग वर येतो का ते बघतात.

ही चुंबकाची युक्ती कारखान्यातल्या निरीक्षणातून आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये विल्यम होक काम करत होते. चुंबकी चकमध्ये धरून घासल्या जाणाऱ्या पोलादी तुकड्यांवर कीस विशिष्ट रेघांत जमतो आणि त्या रेघांखाली तडे असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याआधी तो कीस कितीतरी कामगारांनी फडक्याने पुसून टाकला असेल.

विमानाच्या जन्माची गोष्ट सांगताना लोक १७ डिसेंबर १९०३ पासून सुरुवात करतात. मला त्याआधीचे तीन आठवडे जास्त जवळचे वाटतात. राइट बंधूंचं सुमारे बारा अश्वशक्तीचं इंजिन डेटनच्या त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ल्स टेलर या मेकॅनिकने घडवलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत चाचणी चालू असताना बेअरिंग जाम झाले आणि इंजिनाचा सांगाडा फुटला. नवा ओतून घ्यावा लागला. मग किटी हॉकच्या वाळूवर, २८ नोव्हेंबरला, छपरातच इंजिन आणि प्रोपेलर चालवून पाहताना पोकळ नळीच्या प्रोपेलर शाफ्टला तडा गेलेला त्यांना दिसला. थंडी चढत होती, वर्ष संपत आलं होतं. विल्बर तळावर थांबला, ऑर्व्हिल डेटनला परत गेला, भरीव पोलादाचे नवे शाफ्ट करून घेतले आणि ११ डिसेंबरला परतला. सहा दिवसांनी ते उडाले. त्या तड्याकडे काणाडोळा केला असता तर काय झालं असतं याचा विचार माझ्या मनात दर वेळी अंधाऱ्या खोलीत शिरताना येतो.

पण त्यांचा तडा त्यांच्या डोळ्यांसमोर गेला होता. आमचं काम दुसऱ्या कुणीतरी सांगितल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. एका प्रशिक्षण संस्थेत असताना एक मुलगा संध्याकाळी हँगरमध्ये आला. सोलो उड्डाण करून उतरला होता. विमान नीट टॅक्सी करून जागेवर लावलेलं, टॉवरकडून काही तक्रार नाही, कुणीच काही पाहिलेलं नाही. म्हणाला, “सर, मला वाटतं प्रॉप लागला.” एका पात्याचं टोक नखाएवढ्या रुंदीत खरवडलं होतं आणि किंचित वळलं होतं. सकाळी दुसऱ्या मुलाला फ्लॅशलाइट मारून पाहणी करताना कदाचित ते दिसलंही असतं, कदाचित नसतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आठवेल तसं लिहून द्यायला सांगितलं. त्याने लिहिलं: दुसऱ्या उसळीनंतर पुढून आवाज आला, पॉवर आयडलला होती, आरपीएम पडले का ते आठवत नाही. “आठवत नाही” हे शब्द त्याने खोडून पुन्हा लिहिले होते. माझ्या दृष्टीने ती त्या कागदावरची फार कामाची ओळ होती. ‘पडले नाहीत’ असं त्याने स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलं असतं, तर इंजिन न उघडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना तेवढंच पुरलं असतं.

क्रँकशाफ्टवर एकही रेघ उमटली नाही. मागचा गिअर काढला तेव्हा त्याच्या बैठकीच्या कडेला धातूवर धातू घासल्याची मळकट तांबूस खूण होती, आणि डॉवेलच्या एका अंगाला दाबाचा चट्टा. गिअर नवा घातला, डॉवेल नवा घातला. तो मुलगा सुट्या इंजिनाजवळ येऊन उभा राहायचा. त्याला मी गिअर हातात दिला आणि काय बघायचं ते दाखवलं.

त्या वेळी त्याला काही दिवस जमिनीवर बसवून ‘धडा’ द्यावा असं बोलणारे होते. मी विरोध केला, आणि मुख्य प्रशिक्षकांनी माझं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्याला प्रशिक्षकाबरोबर उसळलेलं विमान सावरण्याच्या सरावाला पाठवलं. बाकीची मुलं बघत होती. एकाने सांगितलं आणि त्याची शोभा झाली, हे जर त्यांनी पाहिलं असतं तर पुढचा स्ट्राइक मला चुंबकाने, रंगद्रव्याने, कशानेही सापडला नसता, कारण तो घडला हेच मला कळलं नसतं. हँगरमधली सगळ्यात संवेदनशील तपासणी म्हणजे असं कुणीतरी येऊन सांगणं, आणि ती वरिष्ठांच्या चेहऱ्यावरच्या आठ्यांनी बिघडते. म्हणून रागीट माणूस मी लाइनवर ठेवत नाही, मग त्याच्या हातात कितीही कसब असो.

इंजिनाच्या लॉगबुकात हे सगळं लिहिलं जातं: घटना, उघडणी, कुठला भाग तपासला, कुठला बदलला, कुठल्या आदेशाप्रमाणे, आणि खाली सही व परवाना क्रमांक. विमान विकायला निघतं तेव्हा गिऱ्हाईक त्या पानावर बोट ठेवून किंमत पाडायला बघतं. “याला प्रॉप स्ट्राइक आहे.” मला कुणी सल्ला विचारला तर मी ते पान पुढे करून सांगतो की हे इंजिन खुशाल घ्या, हे आतून पाहिलेलं आहे. आणि एखादं विमान वर्षानुवर्षं शिकाऊ मुलांच्या हाताखाली उडालेलं असेल, हजारो वेळा उतरलेलं असेल, आणि त्याच्या लॉगबुकात पात्याला साधा धक्का लागल्याचीही नोंद नसेल, तर पैसे देण्याआधी त्या इंजिनाचं मागचं हाउसिंग मी काढून बघतो.